दार उघडं ठेवा: उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या पाळकांना खुलं पत्र

प्रिय पाळकहो, मंडळ्यांतले वडील आणि सुवार्तिक बंधु-भगिनींनो,



सध्या उपासनेला कुठेही बसा, उपदेशाचा विषय ठरलेला: धैर्याने साक्ष द्या, लोक नाकारतील, तुम्ही थांबू नका. न्यायसभेपुढे उभा राहिलेला पेत्र येतो, तुरुंगातला पौल येतो, दगडमार झेललेला स्तेफन येतो. आमेनचा आवाज चांगला चढतो. आणि जिथे ही उपासना घरी भरते त्याच घरात, ती सुरू व्हायच्या आधी, घरची सून दाराबाहेरच्या चपला गोळा करून मागच्या बाल्कनीत नेऊन टाकते. जिन्यावरून जाणाऱ्याला आत किती माणसं बसली आहेत ते कळू नये म्हणून. मे महिना असला तरी खिडक्या लावलेल्या, पडदे ओढलेले, कीबोर्डचा आवाज खाली. बदलापूर पूर्वेच्या नव्या इमारतींत मी हे पाहिलं, आमच्या अंबरनाथला पाहिलं, उल्हासनगरात कॅम्प चारलाही पाहिलं.

त्या सुनेला मी हसत नाही. तिची भीती खरी आहे. प्रार्थनेत घुसून, मोबाईल पुढे धरून, जाब विचारणारी टोळकी राज्यात ठिकठिकाणी येऊन गेली आहेत. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘वर धर्मांतर चालतं’ एवढं एक वाक्य पडलं की भाडेकरूला अकरा महिन्यांचा करार संपेपर्यंतही कुणी थांबू देत नाही. सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायदा कसा करता येईल हे पाहायला फेब्रुवारी 2025 मध्ये राज्य सरकारने पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हापासून तर आपल्या लोकांची पाचावर धारण बसली आहे.

तरीही मला वाटतं की आपण भितो ते टोळक्याला कमी आणि शेजाऱ्याला जास्त. तो तोंडावर नाही म्हणेल, या एका शक्यतेला. व्यासपीठावरची गर्जना आणि बंद खिडक्यांआडची कुजबुज ही त्याच भीतीची दोन रूपं. बंद घरात नाही म्हणणारा येतच नाही. गर्जनेत त्याला बोलायला सवडच मिळत नाही. शेजाऱ्याचं नाही शांतपणे ऐकून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये त्यालाच ‘आईंची तब्येत कशी आहे’ विचारायचं, हे आपल्याला जमेनासं झालं आहे. हे पत्र त्यासाठी.

माझं घराणं नगर जिल्ह्यातलं. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत लागले म्हणून आम्ही अंबरनाथकर झालो. मी ज्या मंडळीत वाढले तिथे ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक हातात असे आणि त्यातली निम्मी गोडी नारायण वामन टिळकांची. टिळकांची गोष्ट तुम्ही सगळे जाणता, पण तिचा एक तुकडा बदलापूर लोकलमध्ये बसून पुन्हा आठवण्यासारखा आहे. 1893-94 च्या सुमारास टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात समोर एक युरोपीय गृहस्थ. गप्पा सुरू झाल्या त्या कवितेवरून. मग धर्मावर आल्या. त्या गृहस्थाने उतरण्यापूर्वी नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि हे वाचा, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं काहीसं भाकीत करून तो गेला. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

आपले सुवार्तिक ही गोष्ट भाकितासाठी सांगतात. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते आधीचं: तो माणूस समोर बसला होता, त्याचा चेहरा दिसत होता, टिळक त्याच्याशी वाद घालू शकत होते, पुस्तक खिडकीबाहेर फेकूही शकत होते. आता आपल्या लोकलचा डबा पाहा. दरवाजाजवळच्या पत्र्यावर ‘येशू तुमच्यावर प्रीती करतो’ची पट्टी, खाली नुसता मोबाईल नंबर. तिच्या डावीकडे विनातारण कर्ज, उजवीकडे बाबा बंगाली: वशीकरण, सौतन से छुटकारा, चोवीस तासांत गॅरंटी. ज्याने पट्टी चिकटवली तो रात्री कारशेडात किंवा पहाटेच्या रिकाम्या गाडीत चिकटवून गेला. सीट मिळावी म्हणून अंबरनाथहून उलटा बदलापूरला जाऊन बसून येणारा प्रवासी ती पट्टी रोज वाचतो आणि तिन्ही जाहिरातींना एकाच मापाने मोजतो. रेल्वेच्या मालमत्तेवर कागद चिकटवणं गुन्हा आहे ते वेगळंच. याला धैर्य म्हणायचं असेल तर बाबा बंगालीही शूरच म्हणायचा.

टिळकांच्या गोष्टीचा उत्तरार्ध व्यासपीठावर फारसा येत नाही. बाप्तिस्म्याची बातमी पत्नी लक्ष्मीबाईंना नंतर कळली. त्यांच्यावर काय कोसळलं ते त्यांच्याच ‘स्मृतिचित्रे’त आहे, आणि तुमच्यापैकी ज्यांनी ते पुस्तक वाचलं नसेल त्यांनी पुढचा उपदेश तयार करण्यापूर्वी वाचावं अशी माझी आज्ञावजा विनंती आहे. नवरा-बायको वर्षानुवर्षं दुरावली. पुन्हा एकत्र आली तेव्हाही लक्ष्मीबाई आपलं सोवळं, आपला निराळा स्वयंपाक सांभाळून राहिल्या. महाराष्ट्रातला सर्वांत मोठा ख्रिस्ती कवी, हजारोंना पाझर फोडणारा, आणि घरातली बाई त्याच्या हातचं पाणी घेईना! टिळकांचा स्वभाव तापट होता, पण या एका बाबतीत ते थांबले. लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने, माणसामाणसांतला विटाळ देवाने नव्हे, माणसाने केला असं स्वतःच्या मनाला पटल्यावर. पुढे टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ याच बाईंनी पुरं केलं. ज्यांच्या घरात आज नवरा एकीकडे नि बायको दुसरीकडे अशी स्थिती आहे, आणि अशी घरं तुमच्या प्रत्येकाच्या मंडळीत आहेत, त्यांना ‘अजून तुझ्या घरच्यांना का नाही आणलंस’ असं विचारणारा पाळक मी ऐकला आहे. टिळकांना हा प्रश्न कुणी पाच वर्षं विचारत बसलं असतं तर?

पंडिता रमाबाईंचं उदाहरण याहून कठीण आहे. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. विधवांची आणि मुलींची शाळा. धर्मशिक्षण दिलं जाणार नाही असं आश्वासन होतं आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळावर होती. रमाबाई वर्गात धर्म शिकवत नव्हत्या. पण त्या स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत आणि खोलीचं दार लावून घेत नसत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. पुण्यात गहजब झाला, ‘केसरी’ने झोड उठवली, 1893 मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. दाराला एक कडी घातली असती तर हे सगळं टळलं असतं. बाईंनी ती घातली नाही. सदनात प्रत्येक मुलीला तिचा धर्म पाळायची मोकळीक आहे, मग मी एकटीनेच माझा देव लपवायचा तो का, असा त्यांचा सवाल होता.

मी रमाबाईंच्या बाजूची आहे. पण ज्या बापाने मुलगी काढून नेली त्याच्या बाजूनेही मला दोन शब्द बोलायचे आहेत, कारण आपल्या व्यासपीठावरून त्याला कुणी विचारत नाही. त्याने आश्वासनावर विसंबून मुलगी पाठवली होती. त्याला जे घडेलसं वाटलं ते नको होतं, तो मुलीला घेऊन गेला. हा त्याचा अधिकार होता. रमाबाईंनी त्याचा हात धरला नाही आणि दारही लावलं नाही. सदन चालू राहिलं, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, दुष्काळातल्या शेकडो मुली तिथे जगल्या, आणि मूळ भाषांवरून केलेलं मराठी बायबल बाईंनी 1922 मध्ये मरेपर्यंत हातावेगळं केलं. उघडं दार आणि निघून जाणारा बाप, दोघांनाही एकाच घरात जागा होती.

आता उल्हासनगर. तिथल्या सिंधी कुटुंबांत काम करणाऱ्या मंडळ्यांना माझं हे खास सांगणं आहे. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे आणून ठेवलेले लाखाच्या घरातले निर्वासित, आणि 8 ऑगस्ट 1949 ला चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते झालेली नव्या गावाची कोनशिला. बराकींतून गाव उभं राहिलं. आज फर्निचर बाजार, जीन्सचे कारखाने, पापडाची घरं पाहताना हा इतिहास दिसत नाही, पण तो प्रत्येक घरातल्या आजीच्या पोटात आहे. या लोकांनी सख्खर, शिकारपूर, हैदराबाद सोडलं, घरदार सोडलं, दर्या सोडला, का? देव बदलायला लागू नये म्हणून. झूलेलालचं चालिहाचं व्रत ती आजी ज्या निष्ठेने करते त्यामागे हे सगळं आहे. तिचा नातू एके दिवशी येऊन सांगतो की मी आता येशूच्या मागे चाललो आहे, तेव्हा तिला जे होतं त्याला द्वेष म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे. आपण ज्यासाठी सगळं टाकून आलो तेच पोरगं टाकून निघालं, असं तिला वाटतं. त्या घरी जाऊन ‘अंधारातून बाहेर या’ असं सांगणाऱ्या तरुण पास्टरला फाळणी म्हणजे काय हे आधी कुणी तरी समजावून सांगायला हवं. साक्ष देऊ नका असं मी म्हणत नाही. आजीचं सगळं ऐकून घ्या, सिंधमधल्या घराचं ऐका, मग तुमचं सांगा. ती नाही म्हणेल. बहुधा नाहीच म्हणेल. तिच्या घरचा चहा मात्र सोडू नका.

नकार मिळाल्यावर प्रभूने स्वतः काय केलं? लूकच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शोमरोनी लोकांचं एक खेडं त्याला थारा देत नाही. याकोब आणि योहान भडकतात, आकाशातून अग्नी पाडू का विचारतात. प्रभू त्यांनाच धमकावतो आणि सगळे दुसऱ्या गावाला जातात. उपदेश इथे संपतो, कारण पुढे मुद्दा असा काही दिसत नाही. पण प्रेषितांच्या कृत्यांचा आठवा अध्याय काढा. फिलिप्प शोमरोनात सुवार्ता सांगतो, लोक ऐकतात, आणि यरुशलेमहून तिथे पाठवले जातात ते पेत्र आणि योहान. तोच योहान! ज्या मुलखावर आग पाडायला निघाला होता, त्याच मुलखातल्या माणसांच्या डोक्यावर हात ठेवून तो प्रार्थना करतो आणि परतताना शोमरोन्यांच्या गावोगावी बोलत जातो. पहिल्या वेळी आग पडली असती तर आठव्या अध्यायात ऐकायला उरलं कोण असतं? आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर विरोधकांवर देवाचा न्याय उतरावा म्हणून ज्या उपास-प्रार्थनांचे निरोप फिरतात, ते पाठवणाऱ्यांनी हे दोन अध्याय लागोपाठ वाचावेत.

एक दुखरी बाब आहे, तिला कुणी हात लावत नाही. धैर्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंपुरत्या ठेवल्या, 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आले नाहीत. राज्याच्या यादीत आपल्याला इतर मागासवर्गात जागा आहे, पण ती वेगळी गोष्ट आणि वेगळी स्पर्धा. या प्रश्नाचा विचार करायला ऑक्टोबर 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत तुमच्या तिसऱ्या रांगेत बसणारी, नर्सिंगच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला सांभाळून असलेली मुलगी काय करते? तिच्या आईचा बाप्तिस्मा झालेला आहे, तिचा व्हायचा आहे. कागदावर एक नाव आहे, मनात एक. तिला तुम्ही व्यासपीठावरून सांगता की प्रभूला जगासमोर कबूल कर. सांगणारा पाळक केरळचा, किंवा पिढीजात ख्रिस्ती घरातला, ज्याचा कुठलाच दाखला पणाला लागलेला नाही. हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं.

त्या मुलीने खोटं लिहावं असं मी म्हणणार नाही, कारण कागदावरचं खोटं एक दिवस अंगावर येतं आणि तेव्हा साक्षही जाते नि सवलतही. पण तिला घाई करू नका. तिच्याशी बसून बोला, कायदा नीट समजावून सांगा, शिष्यवृत्तीची दुसरी वाट मंडळीने शोधून द्या, फीचा वाटा उचला, आणि मग तिचं तिला ठरवू द्या. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांच्या शेजारी न घेतलेल्यांनाही जागा ठेवली होती. मिशनऱ्यांना ते फारसं रुचलं नाही. शंभर वर्षांनंतर मला ते आपल्या गावांसाठीच मांडलेलं वाटतं.

कायद्याबद्दल थोडक्यात, कारण याबाबतीत आपल्याकडे दोन्ही टोकांचं अज्ञान आहे. संविधानाच्या अनुच्छेद 25 मध्ये धर्म प्रकट करण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा अधिकार आहे. ‘प्रसार’ हा शब्द तिथे फुकट आलेला नाही. 6 डिसेंबर 1948 ला संविधान सभेत त्यावर चांगलीच खडाजंगी झाली. लोकनाथ मिश्रांनी कडाडून विरोध केला. बाजूने उभे राहिले ते लक्ष्मीकांत मैत्र, कन्हैयालाल मुन्शी, टी. टी. कृष्णमाचारी. तिघेही हिंदू. कृष्णमाचारी तर स्वतःच्या अनुभवाने बोलले: बरीच वर्षं ख्रिस्ती संस्थांत शिकलो, मला बाटवायचा प्रयत्न कुणी केला नाही. म्हणजे आपला अधिकार टिकला तो, मागच्या पिढीतल्या शिक्षकांनी वर्गात दडपण आणलं नव्हतं म्हणून. कॉन्व्हेंट शाळा चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. पुढे 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रेघ ओढली: आपल्या धर्माची तत्त्वं सांगायचा अधिकार आहे, दुसऱ्याचं धर्मांतर घडवायचा अधिकार नाही. आपल्याकडे या निकालाला शिव्या घालायची रीत आहे. माझा त्यावर फारसा राग नाही. मन फिरवणं हे पवित्र आत्म्याचं काम असं आपण रविवारी शिकवतो, मग न्यायालयाने ते आपल्या हक्कांच्या यादीत घातलं नाही म्हणून सोमवारी रडायचं कशाला? ‘सक्ती’ आणि ‘आमिष’ या शब्दांची व्याख्या ताणून निरपराधाला गोवलं जाऊ शकतं, ही भीती मात्र रास्त आहे आणि तिथे वकिलाकडे जायला लाजू नये.

आमिषाचं बोलायचं तर आपलं अंगण आधी झाडू. उल्हास नदीने बदलापूरला 2005 मध्ये बुडवलं, 27 जुलै 2019 ला तर महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये हजारभर माणसांसह पाण्यात अडकली. अशा वेळी मंडळ्या धावतात, तांदूळ-डाळ वाटतात, मला त्यांचा अभिमान आहे. पण डाळीच्या पिशवीत पत्रक घालू नका. भुकेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याचं हो कशाच्या कामाचं? पत्रक द्यायचंच असेल तर चिखल उपसून झाल्यावर, महिन्याने, हातात द्या. तो घेईल किंवा परत करील.

चंगाई सभांचं तेच. चौकातल्या फ्लेक्सवर ‘आंधळे पाहतील, कॅन्सर पळेल’ असं छापणारे आपलेच. आजाऱ्यासाठी प्रार्थना करणं हा मंडळीचा जुना धर्म आहे, मी स्वतः कित्येकांच्या उशाशी बसले आहे. पण शुगरच्या गोळ्या बंद करा, विश्वास ठेवा, असं सांगणारा माणूस सुवार्तिक नव्हे. डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला, तो काही फक्त बुवांसाठी लिहिलेला नाही. उद्या एखादी बाई गोळ्या सोडून दगावली तर कुठल्याही टोळक्यापेक्षा जास्त नुकसान तो एक फ्लेक्स करील.

मराठीचंही सांगते. अंबरनाथला कारखाने आले तशी मल्याळी, तमिळ माणसं आली, त्यांच्या मंडळ्या उभ्या राहिल्या, बरंच झालं. नव्या घरगुती मंडळ्यांत हिंदी चालते, गाणी तर बहुतेक इंग्रजीवरून उचललेली. शेजारच्या वारकरी काकांना भिंतीतून ऐकू येतो तो ड्रमपॅड. परक्याचा देव आला असं त्यांना वाटलं तर दोष कुणाचा? नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. टाळ, मृदंग, पूर्वरंग, उत्तररंग सगळं. ते कीर्तन अंबरनाथच्या मैदानात रीतसर परवानगी काढून एकदा तरी करून पाहा. काका येतील. पटलं नाही तर उत्तररंगाला उठून जातील, पण काय सांगितलं ते त्यांना कळलेलं असेल, आणि नाकारायला आधी कळावं लागतं.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2019 मध्ये उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष निवडले गेले तेव्हा काय काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. विरोध, धमक्यांचे फोन, धर्मांतराचे आरोप. जानेवारी 2020 मध्ये प्रकृती साथ देत नसताना ते गेले आणि बोलले. आपली श्रद्धा लपवून गेले नाहीत, की तिची जाहिरात करायलाही गेले नाहीत. वसईच्या हरित पट्ट्यासाठी त्यांनी हिंदू-ख्रिस्ती शेतकऱ्यांबरोबर रस्त्यावर घालवलेली वर्षं त्यांच्या पाठीशी होती. ‘सुबोध बायबल’ मराठी वाचकाच्या हातात होतं. त्यांच्या विरोधकांनाही ते कोण आहेत, कुठे राहतात, काय मानतात हे नीट ठाऊक होतं. 2024 च्या जुलैत ते गेले तेव्हा श्रद्धांजली वाहणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेलेच जास्त होते असं मला वर्तमानपत्रं चाळताना वाटलं.

तर माझं मागणं असं. घरगुती उपासना असेल तर दारावर पाटी लावा: मंडळीचं नाव, पाळकाचं पूर्ण नाव, फोन, उपासनेचा वार आणि वेळ. संस्था नोंदवलेली असेल तर नोंदणी क्रमांक. सोसायटीच्या चेअरमनना लेखी कळवा, आवाज किती वाजता बंद होईल तेही लिहा आणि पाळा. खिडक्या उघडा. चपला दाराबाहेर राहू द्या, ओळीत. वर्षातून एकदा शेजाऱ्यांना आत बोलवा, नाताळच्या करंज्यांना नव्हे (त्या आपण देतोच), तर साध्या रविवारी, उपासना कशी असते ते पाहायला. प्रश्न विचारायला वेळ ठेवा आणि उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा. स्थानिक पोलीस ठाण्यात जाऊन ओळख करून द्या, संकट आल्यावर नव्हे, आधी. कुणी बाप्तिस्मा मागितला तर घरच्यांना माहीत आहे का ते विचारा. घरच्यांची परवानगी लागतेच असं नाही, सज्ञान माणसाचा निर्णय त्याचा आहे, पण लक्ष्मीबाईंसारखं कुणाला बाहेरून कळू नये.

हे सगळं केल्यावरही एखाद्या सोसायटीत आपल्याला जागा मिळणार नाही, एखादं टोळकं तरी येईलच. तेव्हा काय करायचं, कुणाला फोन करायचा, कोण वकील येणार, जामिनाची सोय कोण बघणार, हे तीन गावांच्या मंडळ्यांनी मिळून ठरवायला हवं. आज कॅम्प पाचमध्ये काही झालं तर बदलापूरच्या मंडळीला ते यूट्यूबवरून कळतं, आणि कॅथलिक, प्रोटेस्टंट, पेंटेकोस्टल असा हिशोब मग सुरू होतो. नाताळच्या तयारीची घाई सुरू व्हायच्या आत, नोव्हेंबरमधल्या एखाद्या शनिवारी दुपारी, अंबरनाथ पूर्वेला पाळकांची एक बैठक घेऊ. जागेचं मी पाहते, खर्च आपापला. ज्यांना यातलं काही पटलेलं नाही त्यांनी आधी यावं, त्यांना बोलायला पहिला तास.

प्रभूमध्ये आपली बहीण,
अंबरनाथ पूर्वेची एक निवृत्त शिक्षिका